मदत हवी आहे – १८३७ सालचं ॲडलेड

नमस्कार मंडळी, मुलीला शाळेत प्रोजेक्ट आहे, साउथ ऑस्ट्रेलिया कॉलनीचं पहिलं वर्ष, आणि मला तो विषय मराठीत तिच्या आजीलाही समजावून सांगायचाय. २८ डिसेंबर १८३६ ला ॲडलेडजवळच्या ग्लेनेल्गला गव्हर्नर हाइंडमार्शने कॉलनीचं सरकार सुरू झाल्याची घोषणा केली, ती जिथे झाली असं म्हणतात ते वाकून कमानीसारखं झालेलं झाड आम्ही बघून आलो, मुलगी बराच वेळ त्याच्या खालून ये-जा करत होती. पुढचं १८३७ म्हणजे नुसती भांडणं, शहर कुठे वसवायचं यावरून गव्हर्नर आणि शहराची आखणी करणारा सर्व्हेअर कर्नल लाइट, जमीनविक्रीवरून गव्हर्नर आणि ती विक्री बघणारा कमिशनर फिशर. मार्चमध्ये प्लॉट वाटले, उरलेले लिलावात विकले. जूनपासून इथे पेपरही छापायला लागले.

पण मला राहून राहून खटकतं ते हे की १८३६ च्या ब्रिटिश राजाच्या सनदेत (लेटर्स पेटंट) मूळ रहिवाशांचा त्यांच्या जमिनीवरचा हक्क मान्य केला होता, तरी वर्षभरात इथल्या मूळच्या गार्ना (Kaurna) लोकांची जमीन एकर-एकर करून विकली गेली. प्रोजेक्टमध्ये हे आलंच पाहिजे असं मला वाटतं.

तर कुणी गार्ना लोकांच्या बाजूने लिहिलेलं, दहा वर्षांच्या मुलीला झेपेल असं काही सुचवाल का? आणि 'सेटलर' ला मराठीत काय म्हणावं, वसाहतवाले की आणखी काही? शुक्रवारी द्यायचंय, प्लीज.