ऊर्जाबचतीची उद्दिष्टं दुप्पट करा, आणि ती कायद्याने बांधा

(चर्चा. बोलणाऱ्यांची टोपणनावं: किलोवॅट, स्लिप, मोजपट्टी, तिसरा फेज.)

किलोवॅट

डिसेंबर 2023 मध्ये दुबईच्या कॉप 28 हवामान परिषदेत ठरलं की, ऊर्जा कार्यक्षमता सुधारण्याचा जगाचा सरासरी वेग 2030 पर्यंत दुप्पट करायचा, म्हणजे वर्षाला साधारण 2 टक्क्यांवरून 4 वर न्यायचा. ठरलं खरं, पण ते साधायचं कुणी आणि चुकलं तर कोण जबाबदार, हे बहुतेक ठिकाणी मोघमच आहे.

कायद्याने बांधलेलं उद्दिष्ट कसं असतं ते युरोपीय संघात दिसतं. सदस्य देशांना दरवर्षी अंतिम वापराच्या (ग्राहकांनी वापरलेल्या ऊर्जेच्या) ठरावीक टक्के नवी बचत दाखवावी लागते: 2021 ते 2023 मध्ये 0.8 टक्के, 2024 पासून 1.3, 2026 पासून 1.5 आणि 2028 पासून 1.9. दुसरी वाट जपानच्या 'टॉप रनर'ची, 1990 च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेली. आज बाजारात जे सर्वांत काटकसरी उपकरण आहे, त्याच्या आसपास काही वर्षांनंतरची सरासरी आणायची. ती उत्पादकाच्या एकूण विक्रीवर मोजतात, त्यामुळे एखादं चांगलं मॉडेल शोकेसमध्ये ठेवून भागत नाही.

आणि हे कडक करायला वाव भरपूर आहे. 11 किलोवॅट, 4 पोल, 50 हर्ट्झची मोटर घ्या. आयई हे मोटरच्या कार्यक्षमतेचे वर्ग, आकडा मोठा तितकी मोटर काटकसरी. आयई1 ची कार्यक्षमता 87.6 टक्के, आयई3 ची 91.4. 75 टक्के भारावर वर्षाला 6,000 तास चालली तर फरक सुमारे 2,350 युनिटांचा, एका मोटरमागे. मोटरच्या आयुष्यभराच्या खर्चात खरेदीची किंमत किरकोळ असते, जवळपास सगळा खर्च विजेचाच. तरी खरेदी विभाग किंमत बघतो, कारण वीजबिल त्याच्या खात्यात पडत नाही. ही अडचण नुसत्या जनजागृतीने सुटत नाही, त्याला किमान मानकच लागतं.

स्लिप

असहमत. तुमचे 2,350 युनिट कागदावरचे आहेत.

स्लिप म्हणजे वीजपुरवठ्याने ठरणाऱ्या वेगाच्या मोटर जितकी मागे पडते तो फरक. चांगल्या मोटरची स्लिप कमी असते, म्हणजे ती जरा जोरात फिरते. जुनी 1,450 आरपीएमला चालत होती आणि नवी 1,470 ला चालते असं धरा. समोर पंखा किंवा सेंट्रिफ्यूगल पंप असेल तर लागणारी शक्ती वेगाच्या घनात वाढते: 1.0138 चा घन 1.042. शाफ्टवर 8.25 (11 चे 75 टक्के) च्या जागी 8.6 किलोवॅट लागले. त्याला 0.914 ने भागा: 9.41. जुन्या मोटरचं इनपुट किती होतं? 9.42. मोटर बदलली, अनुदान घेतलं, अहवालात बचत नोंदली गेली. मीटर मात्र जागच्या जागी.

उद्दिष्ट जितकं कडक, तितकी ही नेमप्लेट बघून केलेली बचत वाढणार. आकडा गाठायचा दबाव असला की लोक आकडाच गाठतात.

मोजपट्टी

स्लिपचा हिशोब बरोबर आहे, निष्कर्ष नाही. हा दोष बसवणाऱ्याचा. बेल्टवरचा पंखा असेल तर मोटरची पुली 200 मिमीच्या जागी 197 ची घालायची, पंखा पुन्हा जुन्या वेगावर येतो. थेट जोडलेला पंप असेल तर इंपेलर (पंपातलं फिरतं चक्र) थोडा कातून घ्यायचा. पंप टाकी भरून बंद होत असेल तर एवढं नुकसानही होत नाही, टाकी लवकर भरते. खरा फटका बसतो तो चोवीस तास चालणाऱ्या पंख्याला आणि व्हॉल्व्ह दाबून चालवलेल्या पंपाला.

नियमात फक्त दोन ओळी हव्यात: बदलण्याआधी आणि नंतर आरपीएम आणि किलोवॅट दोन्ही नोंदवा. टॅकोमीटर आणि क्लॅम्प पॉवर मीटर एवढंच लागतं, दहा मिनिटांचं काम. फक्त अँपिअर मोजून चालत नाही, कमी भारावर पॉवर फॅक्टर (प्रवाहाचा प्रत्यक्ष कामाला लागणारा वाटा) पडतो आणि अँपिअर फसवतात.

तिसरा फेज

हे सगळं ठीक, पण अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्सने 1865 मध्येच सांगून ठेवलंय. वाफेचं इंजिन काटकसरी झालं, कोळशाचा खप वाढला. बचत करा, वापर वाढेल.

किलोवॅट

तेव्हा वाफेची शक्ती नवनव्या कामांना लावली जात होती, मागणीला तळच नव्हता. ज्याचं घर आधीच पुरेसं उबदार आहे तो भिंतींना इन्सुलेशन केल्यावर दुप्पट ऊब घेत नाही. श्रीमंत देशांतल्या घरगुती वापराच्या अभ्यासांत थेट उसळी (बचत झाली म्हणून वाढलेला वापर) बहुधा बचतीच्या 10 ते 30 टक्के दिसते. ती वजा जाणार हे धरून उद्दिष्ट ठेवा, म्हणजे तेवढं वर ठेवा. (ज्या घरात आधी ऊब पुरतच नव्हती तिथे उसळी जास्त असते, आणि असायलाच हवी.)

स्लिप

मग भारताच्या 'पॅट' योजनेचं काय? उद्दिष्टापेक्षा जास्त वाचवणाऱ्या उद्योगांनी प्रमाणपत्रं विकायची, कमी पडणाऱ्यांनी ती घ्यायची, अशी ती योजना. 2012 ते 2015 च्या पहिल्या फेरीत 8 क्षेत्रांतल्या 478 उद्योगांना मिळून सुमारे 6.7 दशलक्ष टन तेलसमतुल्य बचतीचं उद्दिष्ट होतं, झाली 8.67. जास्त बचत करणाऱ्यांना प्रमाणपत्रं मिळाली. ती बाजारात आली तेव्हा विकणारे भरपूर आणि घेणारे थोडे. जे काम उद्योग असेही करणारच होते त्यालाच बक्षीस मिळालं.

किलोवॅट

हा माझ्याच बाजूचा पुरावा झाला की. उद्दिष्ट ढिलं होतं म्हणून प्रमाणपत्राला भाव नाही. शिवाय ते प्रति टन उत्पादनावर होतं. उत्पादन वाढलं तर एकूण वापर वाढूनही उद्योग पास होतो.

आणि कारखान्यांतलं सोपं काम संपलंय असं कुणी म्हणू नये. दाबहवेची लाईन बघा. 7 बारला 3 मिमीचं एक भोक म्हणजे कंप्रेसरवर साधारण साडेतीन ते चार किलोवॅट, रात्रंदिवस. तपासायला उत्पादन बंद असताना कंप्रेसर चालू ठेवायचा आणि लोड (हवा भरतो तो) व अनलोडचा (रिकामा फिरतो तो) वेळ मोजायचा. दीड मिनिट लोड, साडेतीन मिनिटं अनलोड म्हणजे क्षमतेच्या 30 टक्के हवा गळतेय. गळती सहसा क्विक कपलिंग, होज क्लिप आणि ड्रेन व्हॉल्व्हवर सापडते. आधी ती बंद करा, मग दाब उतरवा. 1 बार कमी केला की वीज 6-7 टक्के वाचते. उलट क्रमाने केलं तर शेवटच्या मशीनला दाब पुरत नाही आणि ऑपरेटर सेटिंग पुन्हा वर नेतो.

मोजपट्टी

गळतीची बचत वर्षभरात परत गायब होते, म्हणून ती एकदाच मोजून दहा वर्षं धरू नये.

मोजणीत घोळ होतो तो मुख्य मीटरवर. आधीचे 12 महिने घ्यायचे, वापर उत्पादनाशी आणि तापमानाच्या डिग्री-डेजशी (किती दिवस किती थंडी किंवा उकाडा होता त्या हिशोबाशी) जोडून समीकरण बसवायचं, नंतरचा वापर त्याच्याशी ताडून बघायचा. पद्धत बरोबरच आहे. पण समीकरणाचीच चूक 8 टक्के आणि दावा 4 टक्के बचतीचा असेल तर दिसणार काय? बचत एकूण वापराच्या 10 टक्क्यांहून कमी अपेक्षित असेल तर त्या यंत्रावर वेगळा सब-मीटर लावल्याशिवाय दावा मान्यच करू नये. आणि तो काम सुरू व्हायच्या आधी लागला पाहिजे. यंत्र भंगारात गेल्यावर आधाररेषा (बदलण्याआधीचा वापर) कुठून आणणार?

तिसरा फेज

भाड्याच्या इमारतींचं कुणी बोलतच नाही. इन्सुलेशनचा खर्च मालकाचा, बिल भाडेकरूचं. तिथे ऊर्जा पुरवठादारावर बचतीचे कितीही टक्के लादा, दिवे बदलण्यापलीकडे काही होत नाही.

किलोवॅट

मान्य. तिथे पुरवठादाराचं उद्दिष्ट कामाचं नाही, अमुक श्रेणीखालची इमारत भाड्याने देता येणार नाही असा नियम लागतो.

स्लिप

सब-मीटरची अट घातलीत तर कडक उद्दिष्टाला माझा विरोध निम्मा उरतो. उरलेला निम्मा ठोक मान्यतेच्या यादीला. व्हीएफडी (मोटरचा वेग कमीजास्त करणारं उपकरण) बसवला की इतके टक्के बचत, असं छापील धरतात. वेग 80 टक्के, शक्ती 51 टक्के. हे पूर्ण घर्षणाच्या लाईनवर खरं, म्हणजे जिथे पाणी उंच चढवायचं नसतं. उंच टाकीवर नाही. पंपाचं शटऑफ हेड (प्रवाह शून्य असताना तो पाणी जितकं उंच रेटू शकतो ती उंची) 50 मीटर आणि चढ 30 मीटर असेल तर 80 टक्के वेगाला शटऑफ हेड उरतं 50 × 0.64 = 32. पाणी जेमतेम सरकतं. 75 टक्क्यांना 28, म्हणजे पाणी चढतच नाही, पंप आतल्या आत घुसळून तापतो आणि सील जातं. वर व्हीएफडी स्वतः दोन-चार टक्के खातो.

मोजपट्टी

सहमत, अशा पंपाला व्हीएफडी यादीतून काढा. एकूण हेडमध्ये चढाचा वाटा निम्म्याहून जास्त असेल तर आधी इंपेलर कातणं किंवा पंपच योग्य मापाचा घेणं तपासावं. अर्जात दोनच रकाने वाढवा: स्टॅटिक हेड (म्हणजे चढ) किती, आणि व्हॉल्व्ह सध्या किती टक्के उघडा आहे.

स्लिप

दुसऱ्या रकान्यात सगळे 100 लिहितील. व्हॉल्व्हच्या आधीचा आणि नंतरचा दाब मागवा.