मुसोनोईच्या हिरव्या सुया: क्युप्रोस्क्लोडोव्स्काइट कसा ओळखावा, किंमत कशी धरावी?

प्रश्न (शिलाधर)
4 सेंमीचा खडक, पोकळीत गवती हिरव्या, रेशमी सुयांचे झुपके. सर्वांत लांब सुई 6 मिमी. जुन्या लेबलवर 'मुसोनोई, कोलवेझी, काटांगा' (काँगोतली तांब्याची खाण) एवढंच. गायगर काउंटर (किरणोत्सार मोजणारं यंत्र) टेकवला की सुमारे 4,000 सीपीएम, म्हणजे मिनिटाला तेवढे ठोके. 365 नॅनोमीटरच्या अतिनील टॉर्चखाली काहीच चमकत नाही. टॉर्बर्नाइट म्हणायचं का? विकायचा झाला तर किंमत कशी ठरवू?

उत्तर (भिंगवाला)
टॉर्बर्नाइट (तांबं-युरेनियमचं फॉस्फेट) चौकोनी पापुद्र्यांत वाढतो, क्युप्रोस्क्लोडोव्स्काइट (तांबं-युरेनियमचं सिलिकेट) सुयांत; 10 पटींच्या भिंगाखाली हे लगेच दिसतं. न चमकणं दोघांनाही लागू, म्हणून टॉर्चवर निकाल देऊ नका.

तुमच्याकडे खरा गोंधळ मॅलाकाइटशी (तांब्याचं हिरवं कार्बोनेट) होऊ शकतो. ती तांब्याची खाण, रेशमी सुयांचा मॅलाकाइट तिथेही असतो, आणि 4,000 सीपीएम खडकातल्या दुसऱ्याच खनिजाचे असू शकतात. 2 मिमी जाड शिशाच्या पत्र्याला छोटं भोक पाडा. आधी झुपक्यावर, मग नुसत्या खडकावर, दोन्हीकडे पाच-पाच मिनिटं मोजा. शिसं बीटा किरण अडवतं, त्यामुळे मुख्यतः भोकाखालचाच भाग बोलतो. शिवाय गळून पडलेली एक सुई काचेवर 10 टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबात टाका. बुडबुडे आले तर मॅलाकाइट. आम्ल नमुन्यावर कधीही नको.

शिलाधर
झुपक्यावर 190 सीपीएम, खडकावर पार्श्वभूमीइतकेच. बुडबुडे नाहीत.

उत्तर (सूक्ष्मदर्शी)
मग संशय बराच मिटला, पण लेबलवर नाव लिहायला एवढं पुरत नाही. ईडीएस (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मूलद्रव्यं ओळखणारी तपासणी) करून घ्या. तांबं, युरेनियम, सिलिकॉन दिसले तर क्युप्रोस्क्लोडोव्स्काइट. सिलिकॉनऐवजी फॉस्फरस असेल तर टॉर्बर्नाइट, व्हॅनेडियम असेल तर सेंजिएराइट. सुई उचलून कार्बन टेपवर वेगळी ठेवायला सांगा. खडकावर ठेवूनच पाहिली तर क्वार्ट्झमधलं सिलिकॉन आकड्यात मिसळतं आणि चुकीचं खनिज पक्कं होऊन बसतं. रामनही (लेसरने खनिज ओळखणारी तपासणी) चालेल, फक्त लेसर कमी शक्तीचा हवा. नाहीतर सुई तापून पाणी गमावते आणि पट्टे बदलतात.

उत्तर (संग्राहक)
किमतीसाठी सीपीएम विसरा, तो फक्त किती माल आहे आणि काउंटर कसा आहे ते सांगतो. भाव ठरतो अखंड टोकांवर, सुयांच्या लांबीवर, पोकळीच्या मांडणीवर आणि त्या जुन्या लेबलवर. ते लेबल नमुन्यापासून वेगळं करू नका. जगात हे खनिज दुर्मीळ, पण मुसोनोईचे लहान नमुने बाजारात येत राहतात; म्हणून तुलना त्याच खाणीच्या, तेवढ्याच लांबीच्या विकल्या गेलेल्या नमुन्यांशी करा, मागितलेल्या भावाशी नाही. टॉर्चखाली निळसर पांढरं काही चमकलं तर ते डिंक असण्याची शक्यता मोठी. चिकटवलेला झुपका भाव खूप पाडतो.

पाठवण्याचे नियम देशागणिक आणि कुरियरागणिक वेगळे, आधी लेखी विचारा. ब्रश, पाणी, अल्ट्रासॉनिक काहीही लावू नका, फुंकरही नको. तुटलेल्या सुयांची धूळ श्वासात जाते. डबा झाकणाचा, झोपायच्या खोलीत नाही, आणि उघडताना खिडकी उघडी, कारण आत रेडॉन हा किरणोत्सारी वायू साठतो.