विषय: स्मरणिका, पान २२ – शांघाय वगळावे का?

प्रेषक: चिटणीस

नमस्कार मंडळी,
मिठाईवाल्यांची जाहिरात उशिरा आली असली तरी ती सोडता येणार नाही. त्यामुळे जॅझ पियानोवादक टेडी वेदरफर्डवरील लेखातून दीडशे शब्द आज रात्रीपर्यंत कमी करावे लागतील. वाचकांना शिकागो आणि मुंबई जवळची असल्याने शांघायचा परिच्छेद वगळावा, असे मला वाटते.

प्रेषक: लेखिका

काका, शांघाय काढले तर मुंबईचा उलगडाच होत नाही. इथे शिकागोत अर्स्किन टेटच्या वाद्यवृंदात लुई आर्मस्ट्राँगबरोबर वाजवणारा हा पियानोवादक १९२६ मध्ये जॅक कार्टरच्या बँडबरोबर आशियात गेला, शांघायमध्ये त्याचे नाव झाले, आणि १९३४ मध्ये कॅलिफोर्नियाहून बक क्लेटनचा बँड तिथल्या कॅनिड्रोम या नाचघरासाठी नेला तोही त्यानेच. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात तो आला तो होतकरू म्हणून नव्हे. कापायचेच असेल तर त्याचे न्यू ऑर्लिन्समधले शिक्षण कापा.

प्रेषक: खजिनदार

जाहिरातीचे पैसे जमा झाले आहेत, एवढे नोंदवतो. माझे आजोबा गिरगावातून अपोलो बंदरावर फिरायला जात आणि ताजबाहेर उभे राहून नाचाचे संगीत ऐकत, कारण आत जाण्याची ऐपत नव्हती. तो पियानो वेदरफर्डचाच होता, असे ते कधीही म्हणाले नव्हते. हे मी मागच्या बैठकीत सांगूनही लेखात तसे छापले जात आहे.

प्रेषक: माजी संपादक

तो उल्लेख काढावाच. शिवाय ‘मुंबईचा पियानोवादक’ हे शीर्षक मला पटत नाही. युद्धकाळात कोलंबिया या ध्वनिमुद्रिका कंपनीसाठी त्याने ध्वनिमुद्रणे केली ती कलकत्त्यात, ग्रँड हॉटेलात त्याचा बँड वाजत असे, आणि २५ एप्रिल १९४५ रोजी वयाच्या अवघ्या ४१व्या वर्षी पटकीने तो वारला तोही तिथेच. मुंबईचा आग्रह आपला आहे, त्याचा नव्हे. माझ्या वेळी शीर्षके समितीपुढे येत असत.

प्रेषक: लेखिका

आजोबांचा उल्लेख आणि न्यू ऑर्लिन्स, दोन्ही काढते. शीर्षक ‘शिकागो ते कलकत्ता’ असे करते. १९३७ मध्ये पॅरिसला जाऊन त्याने एकट्याच्या पियानोच्या ध्वनिमुद्रिका केल्या आणि तरीही तो पुन्हा आशियातच परतला, हे वाक्य मात्र राहील, कारण माझ्या दृष्टीने सगळा लेख त्या परतण्यासाठीच लिहिला आहे. एवढे करूनही साठ शब्द जास्त होतात. अर्ध्या पानाची जाहिरात पाव पानात बसेल का, हे खजिनदारांनी विचारावे.

प्रेषक: खजिनदार

अर्ध्या पानाचे पैसे घेतले आहेत. मी विचारणार नाही.