वांगावरचं क्रीम बंद केलं की तोंड भाजल्यासारखं होतंय, काय करू?

रेवा_बार्शी:
नमस्कार सगळ्यांना, जरा मोठं लिहितेय पण वाचा प्लीज. माझं वय ३८, झेडपीच्या शाळेत शिकवते, घरापासून शाळा १४ किलोमीटर, स्कूटीवर जाते. धाकटीच्या वेळेस सहाव्या महिन्यात दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर तपकिरी डाग यायला लागले, सासूबाई म्हणाल्या वांग आहे, बाळंतपणानंतर जाईल. थोडा फिका पडला पण गेला नाही आणि मग दर उन्हाळ्यात वाढतच गेला. आईने जायफळ दुधात उगाळून लावायला सांगितलं, ते वर्षभर केलं, काही फरक नाही.

दीड वर्षापूर्वी पार्लरमधल्या ताईंनी एका ट्यूबचं नाव लिहून दिलं, मेडिकलवाल्याने चिठ्ठी न विचारता दिली. खरं सांगते तीन आठवड्यांत चेहरा असा उजळला की स्टाफरूममध्ये सगळ्या विचारायला लागल्या, दोघीतिघींना मीच नाव सांगितलं, आता त्याचं फार वाईट वाटतंय. कारण तेव्हापासून रोज रात्री लावतेय आणि आता क्रीम चार दिवस जरी बंद केलं तरी तोंड लाल होतं, आग होते, बारीक पुटकुळ्या येतात, गालावर बारीक लव पण वाढलीय, आणि वांग तर पहिल्यापेक्षा गडद दिसतोय. परत लावलं की दोन दिवसांत शांत. म्हणजे सोडताही येत नाही आणि लावायचीही भीती वाटते. ट्यूबवर हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉईन आणि मोमेटासोन अशी तीन नावं आहेत.

दिवाळीत नणंदेचं लग्न आहे. सोलापूरला लेझरची जाहिरात बघितली, ते करून टाकू का? कोणाला अनुभव असेल तर सांगा.

सुमनकाकू:
अगं रेवा, बंद कर ते क्रीम आधी. बटाट्याचा रस लाव रोज, नाहीतर लिंबाचा रस आणि मध. आमच्या वेळी कुठे होत्या ट्यूबा. मसुराची डाळ दुधात वाटून त्याचा लेप पण चांगला, मी माझ्या सुनेला हेच सांगितलं.

त्वचेची_डॉक्टर:
रेवाताई, मी स्किनची डॉक्टर आहे. तपासल्याशिवाय इथे औषध लिहून देणार नाही पण तुमच्या बाबतीत काय झालंय ते नीट सांगते, कारण माझ्या ओपीडीत आठवड्यातून तीनचार जणी अगदी हीच ट्यूब पर्समधून काढून दाखवतात.

त्या तीन नावांपैकी मोमेटासोन हे स्टेरॉईड आहे. हायड्रोक्विनोन डागाचा रंग कमी करतं, ट्रेटिनॉईन कातडीचा वरचा थर भराभर बदलायला लावतं, आणि या दोघांनी होणारी जळजळ दाबायला स्टेरॉईड घातलेलं असतं. तिघांचं मिश्रण ही वांगावरची जुनी आणि खरोखर गुणकारी कल्पना आहे, १९७५ पासून अशी मिश्रणं वापरात आहेत, आम्ही पण लिहून देतो. पण मोजून आठ ते बारा आठवडे, तेही शक्यतो सौम्य स्टेरॉईडचं, आणि मध्ये तपासणीला बोलावून. दीड वर्ष रोज लावायची ती गोष्टच नाही. इतके दिवस स्टेरॉईड लागलं की चेहऱ्याची कातडी पातळ होते, बारीक लाल रक्तवाहिन्या दिसायला लागतात, लव वाढते, मुरुमं येतात आणि कातडीला त्याची सवय लागते. बंद केलं की जी आग होते ती वांगाची नाही, स्टेरॉईड सुटल्याची आहे. हा प्रकार आपल्याकडे इतका वाढला की २०१८ मध्ये सरकारने कातडीवर लावायची चौदा स्टेरॉईड शेड्यूल एच मध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. प्रत्यक्षात काय होतं ते तुम्ही बघितलंच.

नुसतं हायड्रोक्विनोन सुद्धा वर्षानुवर्षं लावलं तर काही जणांच्या गालाच्या हाडावर निळसर काळे ठिपके येतात, ते मूळ वांगापेक्षा काढायला अवघड असतात.

म्हणून ताई, ट्यूब स्वतःच्या मनाने चालू ठेवू नका आणि एकदम फेकूनही देऊ नका. या आठवड्यातच त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, ट्यूब सोबत न्या, ते हळूहळू कमी कसं करायचं आणि आग शांत करायला दुसरं काय द्यायचं ते ठरवतील. तोपर्यंत साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर, सौम्य फेसवॉश, बस. स्क्रब नाही, ब्लीच नाही, फेशियल नाही, वाफ नाही. आणि लेझर तर आत्ता बिलकुल नको, अशा पातळ झालेल्या कातडीवर लेझर मारलं तर डाग आणखी काळे होऊ शकतात.

काकू, राग मानू नका, पण लिंबू चेहऱ्यावर नको. लिंबू लावून उन्हात गेलं की कातडी भाजल्यासारखी होते आणि भाजलं की आपल्यासारख्या सावळ्या गव्हाळ कातडीवर मागे काळा डाग राहतोच. मसूर डाळीचा लेप वाळल्यावर घासून काढतात त्या घासण्यानेही तेच होतं. जायफळानेही कित्येकींना पुरळ उठतं. बटाट्याचा रस लावून नुकसान फारसं नाही पण वांग त्याने जात नाही.

अमृता_पुणे:
लेझरचा माझा अनुभव सांगते. सहा सिटिंग केली, पैसे भरपूर गेले, जानेवारीत चेहरा एकदम स्वच्छ, आणि एप्रिल संपेपर्यंत सगळं परत आलं, डावा गाल तर आधीपेक्षा काळा. तेव्हा कोणी मला सांगितलंच नाही की वांग उन्हाने परत येतो आणि सनस्क्रीन आयुष्यभर लावावं लागतं. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी एक दिवा लावून चेहरा बघितला, म्हणाले काही रंग वरच्या थरात आहे तो जाईल, काही खोल उतरलाय तो फिका होईल पण पूर्ण जाणं अवघड. ऐकून रडू आलं पण निदान खरं कळलं. त्यांनी अझेलिक अॅसिडचं क्रीम दिलंय, सहा महिन्यांत हळूहळू पण बराच फरक आहे.

द्राक्षबाग_तासगाव:
इथं सगळ्या ताया आहेत पण मी पण लिहितो. पुरुषांना पण वांग येतो. माझं वय ४५, द्राक्षबाग आहे, एप्रिलची खरड छाटणी म्हणजे दिवसभर डोक्यावर ऊन, मंडपाखाली थोडी सावली असते पण छाटल्यावर ती पण जाते. पाच वर्षांपूर्वी कपाळ आणि गालाची हाडं काळी पडली. गावात लोक तोंडावर विचारायचे लिव्हर खराब झालं का, दारू घेतो का, मी माळकरी माणूस, फार लागायचं मनाला. शेवटी सांगलीला जाऊन डॉक्टरला दाखवलं, रक्त तपासलं, लिव्हर ठणठणीत, ते म्हणाले हा उन्हाचा वांग, तुमच्या आईला होता का, तर होता, आईला आणि मावशीला दोघींना.

मला त्यांनी सगळ्यात आधी सनस्क्रीन दिलं. मला वाटलं हे बायकांचं काम. पण त्यांनी वहीत चित्र काढून समजावलं की औषध एका बाजूने डाग पुसतंय आणि ऊन दुसऱ्या बाजूने परत काढतंय, मग पुसून काय उपयोग. सकाळी ८ ला घरून लावून निघतो, ११ ला बांधावर तोंड धुऊन परत, २ ला परत. आधी टॉवेल गुंडाळायचो आता चारी बाजूंनी कड असलेली टोपी घालतो. दोन वर्षं झाली, ७० टक्के तरी कमी आहे.

नेहा_ठाणे:
सनस्क्रीन मी पण लावते, एसपीएफ ५०, तरी माझा वांग जात नाही, आणि मी तर एसी ऑफिसात खिडकीपाशी बसते, उन्हात जातच नाही. मोबाईलच्या उजेडाने होतो असं पण वाचलं, खरं आहे का?
आणि रेवा, माझ्या मैत्रिणीला ट्रानेक्झामिक अॅसिडच्या गोळ्यांनी मस्त फरक पडला, तिची चिठ्ठी आहे माझ्याकडे, मी पण सुरू करणारे, तुला पण पाठवू का?

त्वचेची_डॉक्टर:
नेहा, थांबा. दोघी थांबा. ही तीच गोळी आहे जी पाळीत जास्त अंगावर जातं तेव्हा देतात, ती रक्ताची गुठळी विरघळू देत नाही. वांगावर कमी डोसमध्ये, बहुतेक वेळा २५० मिलिग्रॅम दोन वेळा, काही महिने देतात आणि हट्टी वांगावर चांगली चालते हे खरं. पण ज्यांना पायात गुठळी होऊन गेली आहे, लकवा होऊन गेलाय, घरात अशी हिस्टरी आहे, किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत, सिगरेट आहे, त्यांना ती धोक्याची ठरू शकते. मैत्रिणीच्या चिठ्ठीवर अजिबात नाही. रेवाताई, तुम्ही पाळणा लांबवायच्या गोळ्या घेता का?

खिडकीचं सांगते. उन्हातल्या न दिसणाऱ्या किरणांचे यूव्हीबी आणि यूव्हीए असे दोन प्रकार असतात, साध्या काचेने यूव्हीबी अडतं पण यूव्हीए बऱ्यापैकी आत येतं, आणि डोळ्यांना दिसणारा उजेड तर सगळाच येतो, वांग या दोन्हींनी वाढतो. बहुतेक साधी पारदर्शक सनस्क्रीन दिसणारा उजेड अडवत नाहीत. त्यासाठी रंगाचं, टिंटेड सनस्क्रीन घ्या, मागे घटकांमध्ये आयर्न ऑक्साईड लिहिलेलं बघून. हे वांगवाल्यांसाठी खरोखर महत्त्वाचं आहे आणि कोणी सांगत नाही. मोबाईलच्या उजेडाची सूर्याशी तुलनाच नाही, ती काळजी सोडा. आणि प्रमाण, बहुतेक जणी मुगाएवढं लावतात. पहिलं आणि मधलं अशा दोन बोटांवर दोन लांब रेषा काढा, तेवढं चेहरा आणि मानेला लागतं. घाम आला, तोंड धुतलं की परत.

रेवाताई, स्कूटीवर जाताना स्कार्फ बांधत असाल तर चांगलंच आहे, पण पातळ ओढणीतून ऊन येतं, घट्ट विणीचा जाड कपडा घ्या. आणि चुलीसमोर, तव्यासमोर तासन्तास उभं राहणाऱ्या बायकांचा वांग नुसत्या उष्णतेनेही वाढू शकतो, तेव्हा भाकरी करताना खिडकी उघडी, पंखा चालू.

विद्या_नगर:
माझ्या आईचं सांगते कारण सगळं काळं म्हणजे वांगच असं नसतं. तिच्या कपाळावर, कानापुढे आणि मानेवर राखाडी काळं पडत गेलं, दोन वर्षं आम्ही वांग म्हणून उपाय करत होतो. निघालं भलतंच, ती दर महिन्याला केसांना काळी मेंदी लावायची, त्यात पीपीडी नावाचं केमिकल असतं, त्याची अॅलर्जी. पाठीवर पट्ट्या चिकटवून दोन दिवसांनी बघतात ती टेस्ट केली तेव्हा कळलं. मेंदी बंद केल्यावर पुढे पसरायचं थांबलं, जुना रंग अजून उतरतोय. आता केस पांढरे ठेवलेत, छान दिसते. माझ्या चुलतबहिणीचं कपाळ आणि मान मखमलीसारखी जाड काळी झाली होती, तिला डॉक्टरांनी साखर तपासायला सांगितली, वजन कमी केल्यावर ते उतरलं. म्हणून आधी दाखवून घ्या बाई, क्रीम नंतर.

आणि ऑनलाइन मिळणाऱ्या बिननावाच्या गोरं करणाऱ्या क्रीमपासून लांब राहा. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ मध्ये अशी क्रीम लावणाऱ्या लोकांच्या किडनीवर परिणाम झालेला सापडला होता, क्रीममध्ये पारा निघाला.

रेवा_बार्शी:
सगळ्यांचे खूप आभार, डॉक्टर मॅडम तुमचे तर विशेष. हो, मी गोळ्या घेते, चार वर्षं झाली. त्याचा वांगाशी संबंध असेल असं स्वप्नातही नव्हतं.

त्वचेची_डॉक्टर:
असतो ताई. पोटात बाळ असताना जे हार्मोन वाढतात त्यांच्यासारखेच त्या गोळीत असतात, म्हणून सहाव्या महिन्यात आलेला वांग पुढे जाऊ शकला नाही असं होऊ शकतं. मनाने बंद मात्र करू नका, गायनॅकशी बोला, कॉपरची तांबी हा एक पर्याय आहे, त्यात हार्मोन नसतात. थायरॉईडही एकदा तपासून घ्या.

रेवा_बार्शी:
पाच आठवड्यांनी लिहितेय. सोलापूरला दाखवलं. त्यांनी ट्यूब बघितली आणि एकही शब्द रागावून बोलले नाहीत, मीच रडले. स्टेरॉईड कमी करत करत आता बंद झालंय. पहिले दहाबारा दिवस फार वाईट गेले, चेहरा टोमॅटोसारखा लाल, शाळेत मुलांनी विचारलं बाई तुम्हाला ताप आलाय का. आता आग नाही, पुटकुळ्या गेल्या. वांग आहे तसाच आहे, त्याचं औषध डॉक्टर पुढच्या महिन्यात सुरू करणार, म्हणाले आधी कातडी बरी होऊ दे. टिंटेड सनस्क्रीन लावते, डाग पण थोडे झाकले जातात. लेझर नाही केलं. थायरॉईड नॉर्मल आलं, तांबीसाठी पुढच्या आठवड्यात जायचंय.

ज्या दोघीतिघींना मी ट्यूबचं नाव सांगितलं होतं त्यांना तिसऱ्या तासाला स्टाफरूममध्ये बसवून सगळं सांगितलं. एकीने ऐकलं, ती माझ्यासोबत येणार आहे. दुसरी म्हणाली मला तर सूट होतंय. तिला रोज एकदा सांगतेय.

तासगावचे दादा, ती चारी बाजूंनी कडवाली टोपी कुठे मिळाली? परिपाठाला मैदानात अर्धा तास उभं राहावं लागतं आणि तिथे सावलीला एक झाड नाही.