३१ ला रात्री गेटला कुलूप लावू नका

फिलोमिना मावशी, बी-२०१: नमस्कार सगळ्यांना. ३१ डिसेंबरला वॉचमनने रात्री ११ ला गेटला कुलूप लावू नये ही विनंती. मागच्या वर्षी मी आणि हे चर्चमधली मिस्सा, म्हणजे उपासना, संपवून एक वाजता आलो, तर पाऊण तास बाहेर उभे होतो. ह्यांचा खोकला त्यानंतर आठ दिवस गेला नाही. तेव्हाही ग्रुपवर टाकलं होतं, कोणी उत्तर दिलं नाही.

सेक्रेटरी: मावशी, वॉचमनला सांगतो. पण कुलपाचा ठराव सर्वसाधारण सभेचा आहे, चोरी झाली तेव्हाचा. मी एकटा बदलू शकत नाही.

कुलकर्णी काका, ए-१०३: गेटचं बघा, पण त्याआधी हे बघा. पोरं परत पार्किंगमध्ये म्हातारा, म्हणजे जाळायचा पुतळा, बांधतायत. पार्किंगमध्ये सात सीएनजीच्या गाड्या आहेत. सात.

निखिल, सी-४०४: काका, म्हातारा पूर्ण झालाय. मिशी पण लावली. फोटो टाकू?

स्वाती, सी-३०२: निखिल, त्याच्या अंगातला चौकड्यांचा शर्ट आमच्या ह्यांचा आहे. दोरीवर वाळत होता!

निखिल, सी-४०४: 😂 वहिनी, पोरांना वाटलं जुना आहे.

स्वाती, सी-३०२: जुना असला तरी ऑफिसला घालतात.

देशमुख, ए-४०१: मुळात ३१ डिसेंबर हे आपलं नववर्षच नाही. आपलं पाडव्याला. इंग्रजांच्या सणासाठी सोसायटीचे नियम बदलायचे का? वैयक्तिक घेऊ नये 🙏

फिलोमिना मावशी, बी-२०१: देशमुख भाऊ, घेतलं वैयक्तिक. आमच्या चर्चमध्ये मिस्सा मराठीत होते, गाणी मराठीत, फादरांचं प्रवचनही मराठीत. माझं माहेर वसईचं नंदाखाल. २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर दिब्रिटो आमच्या गावचे. आम्ही इंग्रज कधी झालो?

फिलोमिना मावशी, बी-२०१: आणि आमच्या चर्चचं वर्षही १ जानेवारीला सुरू होत नाही. नाताळच्या आधीच्या चार रविवारांपैकी पहिल्या रविवारी, आगमनकाळ लागतो तेव्हा होतं. १ जानेवारी म्हणजे नाताळपासून आठवा दिवस. आठव्या दिवशी बाळाचं नाव येशू ठेवलं, आपल्याकडे बाराव्या दिवशी बारसं करतात तसं. त्या दिवशी आता मारियेचा, देवमातेचा सण असतो, आणि १९६८ पासून जागतिक शांतीचा दिवसही.

मेधा, बी-३०३: हे माहीत नव्हतं मावशी. देशमुख काका, इंग्लंडात सुद्धा १७५१ पर्यंत सरकारी वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. मारियेला देवदूताने निरोप दिला त्या सणाला. म्हणजे पाडव्याच्या आसपासच की.

देशमुख, ए-४०१: बरं. माहितीबद्दल धन्यवाद.

कुलकर्णी काका, ए-१०३: सात सीएनजीच्या गाड्या. मागच्या वर्षी माझ्या गाडीचं कव्हर जळलं त्याचे पैसे अजून मिळाले नाहीत.

सॅवियो, बी-१०२: काका, मी देतो म्हटलं होतं, तुम्हीच नको म्हणालात.

कुलकर्णी काका, ए-१०३: पैशाचा प्रश्न नाही, तत्त्वाचा आहे.

सॅवियो, बी-१०२: म्हातारा जाळणं चर्च सांगत नाही, ही गावातली पोरांची रीत आहे. सरलेलं वर्ष जाळायचं. आमच्या गोव्यात म्हातारो रस्त्यावर बसवून पोरं येणाऱ्या-जाणाऱ्याकडे पैसे मागतात. वांद्र्यात आहे, कोचीला मोठा पप्पांजी जाळतात. होळी जशी आपण पार्किंगमध्ये पेटवत नाही, तसा हाही मागच्या मोकळ्या जागेत नेऊ. पाण्याच्या बादल्या मी भरून ठेवतो.

निखिल, सी-४०४: आणि बारानंतर गच्चीवर डीजे 🕺

मेधा, बी-३०३: डीजे बाराला बंद, नंतर नाही. लाऊडस्पीकरवर रात्री १० ते सकाळी ६ बंदी असते. ठरावीक दिवशी सरकार १२ पर्यंत सूट देतं, तीही वर्षाला १५ दिवसांपेक्षा जास्त नाही.

शिंदे, ए-२०४: गच्चीची चावी मेंटेनन्स बाकी असलेल्यांना मिळते कशी, हाही एक प्रश्न आहे. नावं घेत नाही.

निखिल, सी-४०४: घ्या ना नाव.

सेक्रेटरी: कृपया विषयावर राहा.

गायकवाड सर, सी-१०१: मी नगरकडचा. आमच्या मराठी मंडळीतही, म्हणजे चर्चमध्येही, ३१ ला रात्री वॉचनाईटची, म्हणजे जागरणाची, उपासना असते. लोक उभे राहून वर्षाची साक्ष देतात. कोणाचं ऑपरेशन पार पडलं, कोणाला नोकरी लागली, कोणाचं घर मोडता मोडता राहिलं. बारा वाजताना सगळे गुडघ्यावर असतात, फटाके बाहेर ऐकू येतात. ही रीत जर्मनीतल्या हेर्नहुटच्या मोरावियन पंथाच्या ख्रिस्ती लोकांची, १७३३ ची, पुढे धर्मोपदेशक जॉन वेस्लीने आपल्या मेथडिस्ट पंथात आणली. आणि ३१ डिसेंबर १८६२ च्या रात्री अमेरिकेत काळे लोक चर्चमध्ये जागत बसले होते, कारण दुसऱ्या दिवशी लिंकनची गुलाममुक्तीची घोषणा लागू होणार होती. नव्या वर्षाची वाट पाहणं म्हणजे काय, ते त्या रात्री बसलेल्यांना विचारायला हवं होतं.

शिंदे, ए-२०४: सर, थोडक्यात.

मेधा, बी-३०३: लिहू द्या त्यांना. तुमच्या मेंटेनन्सपेक्षा बरं आहे.

कुलकर्णी काका, ए-१०३: मागची मोकळी जागा म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून किती फूट? कोणी मोजलंय?

देशमुख, ए-४०१: मावशी, एक विचारतो, राग मानू नका. रात्रीचीच मिस्सा का? सकाळीही असेल ना.

फिलोमिना मावशी, बी-२०१: सकाळीही असते. पण रात्री आधी आराधना असते, मग फादर वर्षाचा हिशेब वाचतात. किती बाप्तिस्मे झाले, किती लग्नं लागली, किती मयत. मयतांची नावं एकेक करून घेतात. आपल्या दिवसांची मोजणी नीट करायला देवा शिकव, असं स्तोत्रात मागितलंय, ती हीच मोजणी असं मला वाटतं. या वर्षीच्या यादीत आमच्या ह्यांचं नाव आहे. सगळं चर्च उभं राहतं तेव्हा मला तिथे असायचंय.

स्वाती, सी-३०२: मावशी 🙏

देशमुख, ए-४०१: मावशी, माफ करा. मे महिन्यात मी गावी होतो, भेटायलाही आलो नाही.

गायकवाड सर, सी-१०१: त्यांच्यासाठी आम्हीही प्रार्थना करू.

सेक्रेटरी: ठरलं. ३१ ला गेट दीड वाजेपर्यंत उघडं, वॉचमन जागा राहील, एक कमिटी मेंबर सोबत बसेल. कोण बसतंय?

कुलकर्णी काका, ए-१०३: मी बसतो. गाड्यांवरही लक्ष राहील.

सॅवियो, बी-१०२: मावशी, एक वाजता रिक्षा मिळत नाही. आम्ही पण त्याच मिस्सेला आहोत, गाडीत जागा आहे. सव्वादहाला खाली या.

फिलोमिना मावशी, बी-२०१: येते. देव भलं करो.

निखिल, सी-४०४: काका, मी पण बसतो तुमच्याबरोबर. कव्हरचं खरंच वाईट वाटलं होतं.

स्वाती, सी-३०२: निखिल, आधी शर्ट काढ त्याच्या अंगातून.

शिंदे, ए-२०४: उद्या पाणी किती वाजता सोडणार?