घरून काम की ऑफिस? आधी घराचा हिशेब मांडा

घरून काम आवडतं की ऑफिस, हे स्वभावावर ठरतं असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात ते घरात दारं किती, माणसं किती आणि घर कधी गजबजतं यावरच जास्त ठरतं. ज्यांनी हे निस्तरलंय त्यांनी नेमकं लिहा. नुसतं 'आवडतं' नको. आलेली उत्तरं खाली.

*

आठवडाभर कागदावर अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने आखा. काम थांबवावं लागलं की फुली मारा, शेजारी कारण: बेल, मूल, फोन, 'जरा हे धर'. दिवसात सलग दीड तासाचे दोन कोरे पट्टे निघाले तर घर चालतं. एकही नसेल तर कितीही भारी खुर्ची आणा, उपयोग नाही. 'जरा हे धर'च्या फुल्या मोजताना स्वतःला फसवू नका.

*

तान्हं बाळ असेल तर हा तक्ता दर दोन-तीन महिन्यांनी नव्याने भरा. सहा ते नऊ महिन्यांच्या सुमारास दिवसाच्या तीन झोपांच्या दोन होतात, दीड वर्षाच्या आसपास दोनाची एक. झोपेवर बेतलेल्या मीटिंगा तिथेच कोसळतात. आणि सांभाळायला दुसरं माणूस हवंच, झोपेवर भिस्त ठेवू नका.

*

जाड पडद्याने खोलीतला घुमारा कमी होतो, टीव्हीचा आवाज अडत नाही. तो दाराखालच्या फटीतून येतो. तिथे रबरी पट्टी लावा. हेडफोनचं नॉइज कॅन्सलिंग तुमच्या कानांपुरतं असतं. समोरच्याला काय ऐकू जाणार ते माइकवर ठरतं, म्हणून तो ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटांवर ठेवा.

*

नेमका जेवणाच्या वेळी कॉल तुटतो? मायक्रोवेव्ह तपासा. तो साधारण २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो आणि वाय-फायचा एक पट्टा २.४ चा. लॅपटॉप वाय-फायच्या ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर न्या. पण तो पट्टा भिंतींपलीकडे ढेपाळतो. मध्ये दोन भिंती असतील तर सरळ लॅनची वायर ओढा. राउटरसाठी छोटा यूपीएस घेताना अडॅप्टरवरचे व्होल्ट वाचा. ९ व्होल्टच्या राउटरला १२ दिले की तो जळू शकतो.

*

हे सगळं भरल्या घराचं झालं. एकट्या माणसाच्या तक्त्यावर फुलीच नसते, तरी तो ऑफिस मागतो. अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांचा २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला, चीनमधल्या कॉल सेंटरचा अभ्यास बघा: घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली. तरी पुन्हा निवडायची मुभा मिळाल्यावर अर्ध्याहून अधिक जणांनी निवड बदलली. ऑफिसात परतणाऱ्यांच्या कारणांत एकटेपणा होता. तेही आपणहून नाव दिलेली माणसं!

*

घरी आजारी माणूस असेल तर ऑफिसचे वार मदतनिसाच्या वारांना बांधा, साहेबांच्या सोयीला नाही. मदतनीस आला नाही तर कोण थांबणार, ते आदल्या रात्रीच ठरलेलं हवं. औषधांच्या वेळा कॅलेंडरमध्ये 'व्यग्र' म्हणून टाका. कारण लिहायची गरज नाही. दुसरा चार्जर ऑफिसातच ठेवा.