दारू सोडताना जवळचा ग्रुप कसा सापडला? आपापले अनुभव लिहा

परवा एकाने विचारलं, "एए एए ऐकतो, पण आमच्या भागात ते असतं कुठे?" (एए म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा ग्रुप.) मलाही चार वर्षांपूर्वी हाच प्रश्न पडला होता, म्हणून धागा काढतोय. स्वतःची खरी नावं, ऑफिसं लिहू नका प्लीज. सुरुवात मी करतो.

डोंबिवली. बायको माहेरी, नोकरी कशीबशी टिकलेली. फॅमिली डॉक्टरांनी एका चिठ्ठीवर नंबर दिला, ती चिठ्ठी दोन महिने पाकिटात. शेवटी फोन केला तर पलीकडचा म्हणाला, शाळा आहे, पहिला मजला, साडेसातला ये. शाळेभोवती तीन चकरा मारल्या, मग समोरच्या टपरीवर कटिंग घेतला, हात इतका थरथरत होता की अर्धा शर्टावर. टपरीवाला न बघताच म्हणाला, "वर जायचंय ना? पुढचं गेट बंद असतं, जिना मागून आहे." त्याला कसं कळलं हे विचारायची हिंमत झाली नाही. वर पाचवीचा वर्ग, फळ्यावर अपूर्णांकांची गणितं तशीच, आणि त्या बुटक्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसलेली पंधरा मोठी माणसं. एकजण बँकेतला वाटला, एकजण रिक्षाच्या खाकी शर्टात. फी नाही, फॉर्म नाही, दारू सोडायची इच्छा एवढीच अट. शेवटी पिशवी फिरली, मी वीसची नोट काढली तर शेजारचे काका म्हणाले, "नवीन माणसाने नाही टाकायचे, ठेव, उद्या येशील तेव्हा रिक्षाला होतील."

— सहचरी, पुणे
मी पिणाऱ्याची बायको. नवरा मुक्तांगणला (पुण्यातलं व्यसनमुक्ती केंद्र) होता, तिथे पिणाऱ्यांच्या बायकांचाही सहचरी गट असतो, मी तर त्याला भेटायला म्हणून गेलेले, मला कुठे गरज होती! तिथे एक ताई सांगत होत्या की त्या बाटलीच्या लेबलवर पेनाने बारीक खूण करून ठेवायच्या, किती कमी झाली ते बघायला, आणि मला एकदम घाम फुटला कारण माझ्या पर्समध्ये तेच निळं पेन होतं. सांगायचं काय तर घरच्यांसाठी वेगळे ग्रुप असतात, अल-अनॉन म्हणतात, माणूस अजून पीत असला तरी आपण जाऊ शकतो. हे मला अकरा वर्षं कुणीही सांगितलं नाही.

— एसटीवाला
शहरातल्यांचं बरं आहे. आमच्या तालुक्यात काहीच नव्हतं, जवळची मीटिंग ४२ किलोमीटरवर आणि शेवटची एसटी मीटिंग सुटायच्या आधी सुटायची. त्यामुळे मी रोज अर्धीच मीटिंग ऐकली, लोकांचे शेवट मला माहीतच नाहीत. लॉकडाऊनमध्ये झूमवर सुरू झालं तेव्हा पहिल्यांदा पूर्ण बसलो, रेंजसाठी गच्चीवर टाकीशेजारी. आता आम्ही तिघं दर गुरुवारी देवळामागच्या खोलीत बसतो. तिघं पण चालतं.

— मुलगी
एक महत्त्वाचं. माझ्या बाबांनी रोजचं पिणं असताना एका दिवसात दारू बंद केली, आम्ही पेढे वाटले. तिसऱ्या रात्री भिंतीवर किडे दिसायला लागले, मग फिट आली. बरीच वर्षं रोज पिणाऱ्याने अचानक थांबवणं जिवावर बेतू शकतं, आधी डॉक्टर, मग ग्रुप. ग्रुपमधल्या लोकांनीच आम्हाला हे नंतर सांगितलं, तोवर आयसीयू झालं होतं. सरकारचा १४४४६ हा टोल फ्री नंबर व्यसनमुक्तीसाठीच आहे, सेव्ह करून ठेवा.

— नाव नको
बाई आहे आणि पीत होते. पहिल्या मीटिंगला वीस पुरुष आणि मी. कुणी वाईट वागलं नाही, पण एकाने विचारलं, "मिस्टर कुठेत?" परत गेले नाही. आता फक्त बायकांची ऑनलाईन मीटिंग करते, कॅमेरा बंद. मुक्तांगणमध्ये बायकांसाठी निशिगंध नावाचा वेगळा विभाग आहे, हे खूप जणींना माहीत नसतं.

— शंकासूर
मला एएच्या मीटिंगमधलं ते प्रार्थना वगैरे झेपलं नाही. दोन महिने गेलो, सोडलं, सायकियाट्रिस्टच्या गोळ्या आणि काउन्सेलिंगवर राहिलो, ३ वर्षं झाली. पण खरं सांगू का, रात्री अकराला तलफ आली की फोन अजून त्या ग्रुपमधल्या रिक्षावाल्यालाच करतो, डॉक्टर कुठे उचलतात त्या वेळेला.

— नवीन
सगळं वाचलं. नागपूर. पत्ता मिळालाय, शनिवारी सात. घरी सांगितलेलं नाही, क्रिकेटला जातो म्हणणार आहे. पिऊन गेलो तर हाकलतात का?

(धागाकर्ता) नाही हाकलत. मी पहिल्या दिवशी क्वार्टर मारूनच गेलो होतो, मागे बसवलं आणि लिंबूपाणी दिलं. बोलायची सक्ती नसते, नुसतं ऐक. फक्त आधी फोन करून जिना कुठून आहे ते विचारून घे.